अकबरभाईंचा झिरो

त्या गुरुवारी मी लोणी काळभोरच्या आमच्या शेडवर गेलो, तो फक्त एक अर्धवट जाळी पुरी करायला. गुरुवारी पुण्यात लाइट जाते हे बघायला पंचांग लागत नाही. पण अकबरभाईंचा चाळिसावा उरकला होता आणि त्यांच्या पत्नी नसीमबानूभाभींना आणखी थांबायचं नव्हतं.

अकबरभाई माझे भागीदार. लोखंड कापणारे पुष्कळ पाहिलेत मी, पण हा माणूस लोखंडातून वेल काढायचा. आमचं प्लाझ्मा मशीन विजेच्या ज्योतीनं पत्रा कापतं. चालू केल्यावर त्याला आधी होम करायचं असतं, म्हणजे टॉर्च, ज्योत सोडणारं त्याचं तोंड, कोपऱ्यातल्या स्विचला टेकतो आणि तिथून मापं धरतो. मग लाइट गेली तरी जुनी जागा सापडते. अकबरभाईंनी त्या स्विचच्या वायरीच काढून टाकल्या होत्या. तोंडात लवंग धरून ते बोट ओलं करायचे, पत्र्याच्या कोपऱ्यावर ठेवायचे आणि टॉर्च नखापर्यंत उतरवायचे. ‘‘हा झिरो,’’ म्हणायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक पत्रा वाया गेला नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

ही जाळी त्यांच्या लेकीच्या, अफशीनच्या, येरवड्यातल्या नव्या घराच्या दारासाठी होती. अर्धी कापून झाल्यावर त्यांनी मशीन थांबवलं, स्टुलावर बसले, ते उठलेच नाहीत. त्यांना उचलताना टॉर्च बाजूला घ्यावा लागला. जाळी कुठून सुरू केली ती जागा आता फक्त मशीनच्या स्मरणात होती, म्हणून आम्ही ते बंद केलंच नाही. लाइट गेली की इन्व्हर्टरवर ठेवायचो.

आणि त्या दुपारी इन्व्हर्टरनं मान टाकली.

लाइट परत आली तेव्हा पडद्यावर सगळे आकडे शून्य होते. बाहेर धुळीची वावटळ उठली होती, म्हणून शटर ओढून घेतलेलं. आत जळक्या लोखंडाचा वास कोंडला होता.

‘‘काका, वायरी जोडतो आणि होम करतो,’’ अकबरभाईंचा पुतण्या नबील म्हणाला. मशीन आता तोच बघतो, आणि चांगलं बघतो. ‘‘मग कोपरा नजरेनं धरू.’’

‘‘केसभर चुकलं तर?’’

‘‘जोड दिसेल. वेलीचा देठ तुटेल.’’

माझ्यासोबत आलेल्या भाभी जाळीकडे बघत होत्या. ‘‘उत्तरेश्वरभाऊ, दुसरी जाळी मिळेल हो. पण ती यांच्या हातची नसेल. अफशीनला अब्बांची शेवटची चीज द्यायचीय मला.’’

दोघं माझ्याकडे बघत राहिले. होम करणं शहाणपणाचं होतं. पण ज्या माणसानं कधी होम केलं नाही, त्याची जागा त्या स्विचला कशी ठाऊक असणार?

‘‘होम नको,’’ मी म्हणालो. ‘‘टॉर्च कोपऱ्याजवळ घे. हळू.’’

नबीलनं बटणं दाबत टॉर्च आणला. ‘‘इथं?’’

मला काय कळणार? नबीलनं हात काढून घेतला...

टॉर्च थांबला नाही. अगदी थोडा डावीकडे सरकला. मग खाली उतरायला लागला, कुणाच्या तरी नखाला जपत उतरावा तसा. पत्र्याच्या थोडा वर येऊन थबकला.

शेडमध्ये लवंगेचा वास आला.

‘‘काका... खाली बघा.’’

टॉर्चच्या टोकाखाली, धुळीनं माखलेल्या पत्र्यावर, बोटाचा ओला ठसा होता. आम्हा तिघांपैकी कुणीही पत्र्याला हात लावला नव्हता. मी शटरकडे निघालोही होतो. भाभींनी पदर डोक्यावर घेतला आणि हलकेच म्हणाल्या, ‘‘यांनी धरलंय. चालू करा.’’

निळी ज्योत पेटली. उरलेली वेल पानापानानं उमटत गेली आणि माझी भीती कुठे गेली कळलं नाही. असं काम पुन्हा बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. जाळी थंड झाल्यावर आम्ही तिघांनी जोड शोधला. सापडला नाही.

जाळी अफशीनच्या दाराला लागली. बाहेरच्या बाजूचा, कोपऱ्यातला ठसा मात्र वाळला नाही. ती रोज सकाळी पुसायची, फडकं ओलं व्हायचं, संध्याकाळी ठसा पुन्हा तिथंच. ‘‘राहू दे काका,’’ ती हसून म्हणायची, ‘‘अब्बा दारात उभे आहेत असं वाटतं.’’ मलाही बरं वाटायचं.

आज सकाळी तिचा फोन आला. आवाज दबका होता.

‘‘काका... ठसा आता आतल्या बाजूला आहे.’’