उन्हाचा वारा

"डोक्यावर ड्रिल चालवताय, खाली मी पाढे शिकवू कशी?"

तणतणत ती गच्चीवर आली आणि तेवढ्यात खालून तिच्याच वर्गाचा गलका उठला, "बाईऽऽ, नवा पंखा बंद पडला!"

सोलर बसवायला आलेला तरुण उकिडवा बसून हसत होता. "पडला नाही, तुम्ही पाडलात. सावली बघा."

तिची सावली निळ्या पॅनलवर आडवी पसरली होती. ती बाजूला झाली— खाली टाळ्या! पुन्हा पुढे आली— "अरेऽऽ!" तिने हळूच पाय मागे घेतला... अंगावर सरसरून काटा आला. हेच ऊन इतकी वर्षं स्लॅब तापवून तिच्या चिमुरड्यांना भाजून काढायचं, आणि आज तेच त्यांना वारा घालत होतं!

"चाचणीपुरता एकच पॅनल जोडलाय," तो म्हणाला. "म्हणून जरा लाजाळू आहे."

मग रोज मधल्या सुट्टीत तिला शंका येऊ लागल्या.

"ऊन जितकं कडक, तितकी वीज जास्त ना?"

"अंहं. ह्याला उजेड हवा, ताप नको. फार तापला की कामात ढिला पडतो."

"अगदी आमच्या मुख्याध्यापकांसारखा!"

दोघं हसले.

मुलं त्याला 'सूर्यकाका' म्हणत. तो कळवळायचा, "काका कसला रे! लग्नाचा पत्ता नाही अजून." हे सांगताना नजर मात्र मुलांकडे नसायची.

शेवटच्या दिवशी सगळ्या वर्गांचे पंखे एकदम फिरले. मुख्याध्यापक तर पोरासारखे नाचायचेच बाकी होते. "वाचलेल्या बिलातून आता वाचायची पुस्तकं!"

ती मात्र गच्चीवर धावली; तिथे त्याची अवजारांची पेटी बंद होत होती. उद्यापासून तो डोंगरापलीकडच्या शाळेत. आज तोंड उघडलं नाही तर—

"पॅनलवर धूळ बसू देऊ नका," तो पेटी उचलत म्हणाला. "दर पंधरवड्याला धुवायचे. साधं पाणी, मऊ फडकं. कुणालाही जमेल."

"मला नाही जमणार."

"त्यात काय अवघड—"

"म्हटलं ना, नाही जमणार." ती पॅनलकडे वळली. "तुम्हीच... या ना."

तो बघतच राहिला. "डोंगर ओलांडून? फडकं मारायला?"

"फडकं मी मारीन." कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. "तुम्ही नुसते या."

त्याने पेटी खाली ठेवली.

"पंधरवड्याने..." तो अगदी हळू म्हणाला, "फार धूळ साचेल हो. दर रविवारी आलो तर?"