खालून येणारं ऊन

त्या दिवशी नम्रताला पेणहून फक्त एक सही आणायची होती. रोह्याहून सकाळची गाडी पकडायची, पेणला उतरून रिक्षाने खाडीकडच्या गावात जायचं, शकू नावाच्या बाईची कागदावर सही घ्यायची, खाली साक्षीदार म्हणून आपली करायची आणि चारच्या आत परत क्लिनिकला. एवढंच काम.

कागद क्लिनिकच्या मालकीण मॅडमनी स्वतः टाइप केला होता. ‘माझ्या आईला उपचारानंतर उन्हात जाऊ नये, गेल्यास डोके झाकावे, अशी स्पष्ट सूचना देण्यात आली होती. तिने ती पाळली नाही. माझी तक्रार नाही.’ जिल्ह्याहून चौकशीचं पत्र आलं होतं, त्याला जोडायला हा कागद हवा होता.

मॅडम डॉक्टर नव्हेत. पाटीवर तसं लिहिलंय, पण पाटी रंगवणारा काही पदवी तपासत नाही. ठाण्यात सहा शनिवार-रविवारचा कोर्स, भिंतीवर सोनेरी चौकटीतलं सर्टिफिकेट, काचेचा दरवाजा आणि आत गार हवा. एवढ्यावर बायका तोंड विश्वासाने पुढे करतात. सुरकुत्या, वांग, उन्हाने रापलेली कातडी, सगळ्यावर इलाज, तोही कापाकापीशिवाय. औषध लावून वरची साल काढायची, प्रकाशाचे झटके द्यायचे, बारीक सुयांनी टोचायचं. खरं काम नम्रताच करायची. मॅडम फोटो काढायच्या.

फोटोसाठीच शकूच्या आईला, धोंडुबाईला आणलं होतं. पेणला दुसरी शाखा उघडायची होती आणि तिच्या फलकावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन चेहरे हवे होते. जितका ‘आधी’ वाईट, तितका ‘नंतर’ चांगला दिसणार. मग चाळीस वर्षं मिठागरात राबलेल्या बाईपेक्षा उत्तम तोंड कुठलं? फुकट करू म्हणून सांगितलं. रक्तात साखर आहे का, हे कुणी विचारलं नाही. होती.

“मला काय सिनेमात घालताव काय गो?” खुर्चीवर आडवी होताना धोंडुबाई म्हणाली होती.

औषधाचे दोन थर पुरेसे होते. मॅडम म्हणाल्या, मिठागरवालीची कातडी आहे, जाड असते, तिसरा लाव. नम्रताने लावला. औषध चढतं तसा तोंडावर पांढरा थर उमटतो. धोंडुबाईने आरसा मागितला, पाहिलं आणि खुदकन हसली. “मीठच पिकलं की गो तोंडावर!”

आठवड्याने साल निघाली. खालून आलेली कातडी गुलाबी, तुकतुकीत, तान्ह्या पोरासारखी. फोटो झाला. मॅडमनी सूचनांचा छापील कागद वाचून दाखवला. उन्हात जाऊ नका, गेलात तर डोकं झाका. धोंडुबाईने मान डोलावली. तोंडाला लावायचं, ऊन अडवणारं मलम मॅडमनी दिलं नाही. तिला कुठे पार्टीला जायचंय, म्हणाल्या.

आता नम्रता मूळची गडब गावची असली, तरी तिचं आजोळ मिठागरवाल्यांचं. दर उन्हाळा तिने बांधावर काढलेला. मिठागरात ऊन वरून लागत नाही, खालून लागतं, हे तिला पाचव्या वर्षी ठाऊक होतं. डोक्यावर काहीही बांधा, पांढऱ्याफेक मिठावरून उसळलेलं ऊन हनवटीखाली शिरतं, नाकपुड्यांत शिरतं, भुवयांच्या आतून चटके देतं. जुन्या बायकांची हनवटीखालची कातडी कपाळापेक्षा काळी असते. मॅडमना हे माहीत असायचं कारण नव्हतं. नम्रताला होतं. सूचना वाचली जात होती तेव्हा शब्द तिच्या जिभेपर्यंत आला होता. पण बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबलेली होती आणि मॅडमना मधे बोललेलं खपत नसे.

दहाव्या दिवशी धोंडुबाई मिठागरात गेली. तीन आठवड्यांनी सरकारी दवाखान्यात वारली. तोंड सुजून, पू होऊन, तापाच्या भरात. पेणच्या फलकावर ती अजून हसत होती.

निडी मागे पडलं, नागोठणं गेलं. नम्रता गाडीच्या खिडकीशी बसली होती आणि तिला चार दिवसांपूर्वीच्या गोष्टीचा विचार करायचा नव्हता. पण तो येतच होता.

चार दिवसांपूर्वी ती खुर्चीत टेकून बसलेल्या एका बाईच्या तोंडावर लेप लावत होती. पडदे ओढलेले, खोलीत फक्त वरचा एक दिवा. लावता लावता तिचा हात थांबला. त्या बाईच्या नाकाची सावली ओठावर पडायला हवी होती. ती कपाळावर पडली होती.

नम्रताने वाकून खुर्चीखाली पाहिलं. फरशी. दुसरं काही नाही.

बाईने डोळे न उघडता विचारलं, “ताई, खालून तापतंय का हो काही...?”

नम्रताने फरशीवर तळवा ठेवला आणि चटकन उचलला. दुपारच्या बांधावर अनवाणी पाय पडावा, तशी ती तापलेली होती.

मॅडम म्हणाल्या, एसीचा पाइप असेल.

पेणला उतरेपर्यंत साडेअकरा झाले. डांबरी रस्ता संपला तिथे रिक्षावाल्याने तिला उतरवलं. “पुढं बांधानं जावा. दहा मिनिटं. पन या वक्ताला कोन जात नाय.” पैसे घेऊन तो वळलासुद्धा.

एप्रिलचं ऊन. दोन्ही बाजूंना मिठागरं, चौकोनामागून चौकोन, पांढरे. दुपारच्या जेवणाला सगळे घरी गेलेले. खाडीत वारं नाही, आकाशात घार नाही. नम्रताने ओढणी डोक्यावरून घेतली, नाकातोंडावरून आवळून बांधली, गॉगल लावला आणि चालू लागली.

थोड्या वेळाने तिला आवाज ऐकू आला. लाकडी फळीने मीठ ओढल्याचा. खर्रर्र... थांबून पुन्हा खर्रर्र... या आवाजावर ती लहानपणी झोपली होती. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. कुणीतरी मागे राहिलं असेल, म्हणून तिने पाहिलं. डावीकडे कुणी नाही. उजवीकडे मिठाच्या तीन राशी आणि कुणी नाही.

ती थांबली. आवाज थांबला.

ती चालली. खर्रर्र...

आता खाऱ्या चिखलाच्या वासात दुसरा एक वास मिसळत होता. आंबूस, नाकाला झोंबणारा. साल काढायच्या औषधाचा तो वास तिच्या बोटांना रोज येत असे, साबणाने तीनदा धुतले तरी. पण तो काचेच्या दरवाजाआडचा वास होता. या उघड्या रानात तो कुठून यावा?

ओढणीच्या आत, हनवटीखाली काहीतरी भाजत होतं. तिने मान खाली घातली तर चटका वाढला. वर पाहिलं तर गळा भाजला. तिने पायाशी पाहिलं. डोक्यावर सूर्य होता, पायाशी सावलीचा ठिपका तरी असायला हवा होता. बांधाच्या काळ्या मातीवर तिची सावली नव्हती. ती पळाली.

धोंडुबाईचं घर गावाच्या टोकाला, कौलारू, दोन खोल्यांचं. उंबऱ्यात एक म्हातारी बसली होती. धोंडुबाईची धाकटी बहीण, काशीबाई.

“कोन गो?”

“नम्रता. रोह्याहून... क्लिनिकमधून.”

काशीबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ये की मग. तोंड बांधून कशाला आलीस? चोरी केलीस काय?”

नम्रता कसनुसं हसली. गॉगल काढला. ओढणी सोडायला हात गेला, पण हनवटीशी अजून आग होत होती. राहू दिली.

आत अंधार होता, शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा होता. तो गारवा तळपायांना लागला आणि तिला थोडं हायसं वाटलं. शकू भिंतीला टेकून बसली होती. तिशीची, धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला. पहाटे पाचच्या बसने जायची, अंधार पडल्यावर यायची. आईचा दहावा होईपर्यंत रजा टाकलेली. उद्या दहावा होता.

शकूने कागद दोनदा वाचला. भांडली असती तर बरं झालं असतं, असं नम्रताला वाटलं. शकू भांडली नाही.

“करते सही,” ती म्हणाली. “कंपनीतले सांगतात, सोडू नको, कोर्टात खेच. कशाला खेचू? तुम्ही सांगितलंच व्हतं तिला. मी रोज रातच्याला विचारायची, आये, डोकं झाकलं व्हतंस काय? तर म्हनायची, व्हय गो, दोन फडकी बांधली, वर टोपी घातली. झाकलं असतं तर असं जळलं असतं काय? खोटं बोलायची माझ्याशी. शेवटच्या दिवशी वाचा जायच्या आधी पन तेच. झाकलं व्हतं, झाकलं व्हतं.” तिने नाक पुसलं. “मी ओरडले तिच्यावर. आता तरी खरं बोल, म्हटलं. मग बोललीच नाय.”

“माझी भन खोटं बोलनारी नव्हती,” काशीबाई दारातून म्हणाली.

“मग मावशे, जळली कशी? सांग ना.”

 काशीबाई जन्मभर भातशेतीवाल्यांच्या घरात नांदलेली. मिठागर तिने लांबून पाहिलेलं.

त्या खोलीत सांगू शकणारं एकच माणूस होतं. एक वाक्य पुरलं असतं. मेलेली बाई मुलीच्या मनात खोटारडी म्हणून राहिली नसती. पण त्या वाक्यापुढे पुढचा प्रश्न आला असता, की तुला ठाऊक होतं, तर तेव्हा का नाही बोललीस? नम्रताने पर्स उघडली आणि पेनाचं टोपण काढून पेन शकूपुढे धरलं.

“थांब,” काशीबाई उठली. “शके, आधी ती पिठावरची पाटी उचल. मंग काय सह्या करायच्या त्या कर. सकाळधरनं टाळतेस.”

तेव्हा नम्रताला कोपरा दिसला. धोंडुबाई जिथे झोपत असे, तिथे समई मंद जळत होती आणि शेजारी वेताची पाटी पालथी घातलेली होती. हे तिने आजोळी पाहिलं होतं. माणूस गेलं की दहाव्याच्या आधी एका रात्री त्याच्या जागी तांदळाचं पीठ पसरायचं, वर पाटी झाकायची. रात्रीतून पिठात पाऊल उमटतं. चिमणीचं उमटलं तर जीव चिमणीत गेला, गाईचं उमटलं तर गाईत. बहुतेक वेळा मुंग्या गेलेल्या असतात, आणि घरचे तेवढ्यावरही समाधान मानतात.

“तुम्ही बसा हां,” शकू नम्रताला म्हणाली. “मला एकटीला धीर व्हत नाय.”

तिने दोन्ही हातांनी पाटी उचलली.

पाऊल नव्हतं.

पिठात चेहरा होता. कुणीतरी पालथं झोपून तोंड दाबावं तसा. कपाळ, मिटलेल्या पापण्या, नाक, किंचित उघडे ओठ. एकही सुरकुती नव्हती. पीठ इतकं बारीक होतं की हनवटीवर एका बाजूला असलेली लहानशी खाचसुद्धा स्वच्छ उमटली होती.

 समईची ज्योत सरळ उभी होती.

“ही धोंडी नाय...” काशीबाई कुजबुजली. “धोंडीच्या हनवटीला कुठं खाच व्हती...”

नम्रताला सहाव्या वर्षी बांधावरून पडून हनवटीला लागलं होतं. चार टाके पडले होते. तिने ओढणी हनवटीशी घट्ट धरली.

म्हातारीची मान हळूहळू वळली. “फडकं काढ गो.”

“मावशी, मला गाडी...”

“काढ.”

गाठ सुटत नव्हती.  अखेर ओढणी सैल झाली, गळ्याशी घसरली आणि तिच्या घडीतून काहीतरी पांढरं भुरूभुरू मांडीवर सांडलं. मीठ, तिला वाटलं. बांधावर पळताना उडून बसलं असेल. तिने हनवटीला हात लावला. बोटं पांढरी झाली. चिमटीत चोळून पाहिलं. ते खरखरीत नव्हतं. मऊ होतं. तांदळाचं पीठ होतं.

शकू तिच्याकडे पाहत होती. भीतीने नव्हे. संध्याकाळी बसमधून उतरून घरात आल्यावर ती आईकडे जशी पाहत असेल, तशी.

“आये...?” ती म्हणाली. “आये, तू हाईस काय? बोल ना गो...”

नम्रताला सांगायचं होतं की मी नम्रता आहे, रोह्याहून आलेय, मला फक्त एक सही हवी आहे. तिने सांगायला तोंड उघडलं. घसा खारट झाला, जीभ जड झाली, आणि चाळीस वर्षं खाऱ्या वाऱ्यात घोगरलेला एक आवाज, अगदी शांतपणे, तिच्या ओठांतून म्हणाला,

“शके, मी डोकं झाकलं व्हतं गो. दोन फडकी, वर टोपी. ऊन खालनं आलं... आन् या पोरीला ते ठाऊक व्हतं.”