जातो म्हणू नये

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलेली आहे. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल दुसरं काहीतरी वाचावं, माझं काही म्हणणं नाही.

चाळ लालबागमधली. तिचं नाव मात्र सांगणार नाही. कितीही खोदून विचारलंत तरी नाही. त्याला कारण आहे.

आणि भुताची गोष्ट म्हणजे अमावास्येची रात्र, असं धरून बसला असाल तर तेही सोडा. हे घडलं भर दुपारी. खाली ढोल-ताशे कडाडत होते, अंगणात वडे तळले जात होते आणि गॅलरीभर माणसं होती.

आमच्या भागातल्या मंडळांनी गेल्या वर्षी 'गिरणगाव दिवस' सुरू केला. चाळींना तोरणं, नाक्यानाक्यावर लेझीम, संध्याकाळी दशावतार. शिवाय जुन्या जागा दाखवणारी फेरी. आधी बंद गिरणीची चिमणी, मग कामगारांचं मैदान आणि शेवटी दर्शनाच्या चाळीतली गावमंडळाची खोली.

दर्शना म्हणजे हीच माझी मावसबहीण. सगळ्यात पुढे नाचणारी. खोली सजवायचं काम तिनेच अंगावर घेतलं.

गावमंडळाची खोली म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. कोकणातल्या गावाने मुंबईत आपली एक खोली घेतलेली असायची. गिरणीत लागलेला गावचा माणूस तिथे राहायचा. खोली एवढीशी आणि माणसं रग्गड, म्हणून झोपही पाळीने. कामावरून आलेला माणूस झोपलेल्याच्या पायाचा अंगठा हलवायचा. "ऊठ, पाळी झाली." तो उठायचा, "येतो" म्हणून गिरणीत जायचा, आणि हा त्याच पथारीवर आडवा व्हायचा.

पथारी कधी गार पडायची नाही.

दर्शनाने माळ्यावरची एक जुनी वळकटी काढली, झटकली आणि खोलीच्या मधोमध पसरली. ती कोणाची होती, हे कोणी विचारलं नाही.

फेरी यायच्या वेळेला मंडळाच्या राजारामभाऊंनी टूम काढली. पथारीवर खराखुरा माणूस झोपवू, लोकांना फोटो काढायला बरं.

माणूस तयारच होता. दर्शनाचा नवरा, हितेंद्र. गिरणीच्या जागेवर आता काचेची इमारत उभी आहे, तिथे तो रात्रपाळीला कॉम्प्युटरवर बसतो. तेव्हा ओव्हरटाइम करून नुकताच घरी आला होता, डोळे लाल झालेले. नको नको म्हणत होता बिचारा. दर्शनानेच त्याला हाताला धरून आडवं केलं.

पडल्या पडल्या त्याला झोप लागली. लोकांनी फोटो काढले, हसले. तेवढ्यात खाली मिरवणूक आली आणि सगळे गॅलरीत धावले.

दर्शना तेवढी दारात राहिली.

आणि ढोल थांबले…

म्हणजे थांबले नव्हते. खाली पोरांचे हात चालताना दिसत होते. आवाज तेवढा येत नव्हता.

मग खोलीत कोणीतरी चपला काढल्या…

तिने वळून पाहिलं. हितेंद्र झोपलेला. खोलीत दुसरं कोणी नाही. तेलाचा आणि कापसाचा वास मात्र एकदम नाकात शिरला.

चादरीबाहेर त्याचं पाऊल होतं. पायाचा अंगठा हलला. डावीकडे… उजवीकडे… कोणीतरी दोन बोटांत धरून हलवावा तसा.

हितेंद्र डोळे मिटूनच म्हणाला,

"हो… जातो."

धाडकन ढोल पुन्हा ऐकू आले.

दर्शनाने ते मनावर घेतलं नाही. तो उठल्यावर त्याला टपली मारली. जातो काय म्हणतोस, शहाण्या माणसाने येतो म्हणावं. त्याला काहीच आठवत नव्हतं.

संध्याकाळी दशावतार सुरू व्हायच्या आधी ती खोलीला कुलूप लावायला गेली. पथारी गुंडाळायला हात घातला…

गरम.

दुपारपासून तिच्यावर कोणी पडलं नव्हतं. तिने पथारी तशीच टाकली आणि कुलूप लावून निघून आली.

त्या दिवसापासून हितेंद्रच्या झोपेचं वाटोळं झालं. म्हणजे झोपायचा तो. भरपूर झोपायचा. पण झोपेत त्याची बोटं चालायची. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहायचं, बायका वात वळतात तसं. दर्शनाने हात धरून ठेवला तर दुसऱ्या हाताचं सुरू. उठायचा तो घामाघूम, आदल्या दिवसापेक्षा जास्त दमलेला.

आणि केसांत कापसाची तूस…

तिने उशी बदलली, गादी बदलली. तूस येतच राहिली. कानात, भुवयांवर. मग खोकला लागला. डॉक्टर झाले, छातीचे फोटो झाले, सगळं नॉर्मल. हापिसातून दिवसपाळी मागून घेतली, तरी तेच. माणूस डोळ्यांदेखत झिजत चालला. दर्शना देव्हाऱ्यापुढे बसून रडायची. आपणच त्याला तिथे झोपवलं, हे तिच्या डोक्यातून जाईना.

शेवटी ती जाईबाईंकडे गेली. जाईबाई त्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहतात. त्यांची खाणावळ होती, गावमंडळाच्या खोलीतले सगळे बाप्ये त्यांच्याकडेच जेवायचे. गिरणगाव दिवसाला शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कारही झाला होता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बोटं कशी चालतात ते दर्शनाने करून दाखवलं, तशा म्हणाल्या, तुटलेला धागा सांधताना असंच करतात. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"तो काय म्हणालो? येतंय म्हणालो, की जातंय?"

दर्शनाने सांगितलं. मग म्हातारी सांगू लागली.

त्या खोलीत धोंडू म्हणून एक होता. बदली कामगार. म्हणजे कोणी कामावर आला नाही की त्याच्या जागी उभा राहणारा. एकदा त्याला गाढ झोपेतून उठवलं, तसा तो चिडला आणि "जातो" म्हणून तरातरा निघून गेला. गिरणीत पोचल्याचं कोणी पाहिलं नाही. गावालाही गेला नाही. जाईबाईंनी त्याचं ताट किती दिवस झाकून ठेवलं होतं.

"म्हणजे तो अजून कामावरच होता?" दर्शनाने विचारलं.

"बदली इल्याबिगर सुटका नाय, बाय माझे," जाईबाई म्हणाल्या.

दर्शना तशीच वर गेली आणि खोलीचं कुलूप काढलं.

पथारी रिकामी होती. आणि पथारीवर कोणीतरी घोरत होतं…

किती सुखाने घोरत होतं, म्हणून सांगू. तिला भीती वाटायच्या आधी राग आला. तिने खाली बसून, पाय असतील तिथे हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. "ऊठ," ती म्हणाली. "ऊठ रे मेल्या, पाळी झाली."

घोरणं थांबलं.

ती श्वास धरून बसली.

कूस बदलल्यासारखी चादर जरा सरकली… आणि घोरणं परत सुरू झालं.

आता माझ्यावर काय बेतलं ते ऐका.

यातलं एक अक्षर दर्शनाने मला तेव्हा सांगितलं नव्हतं. यंदा गिरणगाव दिवस आला, तसा तिचा फोन. ताई, भावोजींना घेऊन नक्की ये. असा आग्रह की मला कौतुक वाटलं. माझ्याकडे दादरला पाहुणे होते, म्हणून शंतनु एकटाच गेला. शंतनु म्हणजे माझा नवरा.

दुपारी मोबाइलवर फोटो आला. शंतनु पथारीवर, डोळे मिटलेले. चादरीबाहेर पाऊल. खाली दर्शनाने लिहिलं होतं, 'भावोजी छान झोपलेत.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला उठवायला गेले, तर त्याची बोटं चालली होती. कानाशी पांढरं काहीतरी होतं. मला वाटलं, उशीतला कापूस असेल…

मी दर्शनाला फोन लावला. तिने एका रिंगमध्ये उचलला. रडत रडत सगळं सांगितलं. तिच्या मागे हितेंद्र गाढ झोपला होता, त्याचं घोरणं मला ऐकू येत होतं. मी तिला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तिने ऐकून घेतल्या.

"ताई, माझ्याकडे दुसरं कोण होतं?" एवढंच म्हणाली.

शंतनु आता फार बारीक झालाय. मला झोप लागत नाही. त्याची बोटं बघत बसते.

परवा राजारामभाऊंचा निरोप आला, पुढच्या वर्षासाठी माणसं हवीत. मी नाव दिलं. पथारी घालायचं काम माझ्याकडे आहे.

चाळीचं नाव का सांगितलं नाही, ते आता कळलं असेल.

फेरीला पैसे नाहीत. वडे गरम असतात. जिने चढून दमलात तर त्या खोलीत जरा पडा, कोणी काही म्हणणार नाही. अंगठा हलला तर काय म्हणायचं, ते तुम्हाला सांगून ठेवलंय.

झोपेत आठवलं म्हणजे झालं…