गोष्ट ऐकणारे

दवाखान्यातलं दुपारचं ताट नातवाने तसंच बाजूला सारलं आणि तो पुन्हा मनगट खाजवायला लागला. मी चमच्यानेच त्याच्या बोटांवर मारलं.

"आजी, आत किडे आहेत गं. कातडीखाली. तुला दिसत नाहीत?"

"दिसतात ना. नाकातून पाहुणे म्हणून शिरले, आता घरजावई झालेत."

डॉक्टरीणबाई सकाळीच सांगून गेल्या होत्या. किडे डोक्यातले, कोकेनने घातलेले. पण रक्ताचं दुखणं खरं. त्या पावडरीत जनावरांना द्यायचं जंतांचं औषध मिसळलेलं होतं. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार संपल्या, कानाच्या पाळ्या काळ्यानिळ्या पडल्या. आता नखाचा एक ओरखडा चिघळला तरी पोर हातचं जाईल. हात बांधले की डोकं आपटतो, म्हणून मला पहाऱ्यावर बसवलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. विकणारा मेला बाहेर मोकळा फिरतोय. आणि हा शहाणा, सिनेमांना आवाज जोडणारा, म्हणे कामासाठी जागं राहायला घ्यायचो. मेल्या, जगातला चहा संपला होता?

माझ्याकडे हत्यार एकच, थापा. त्याच्या मनगटाशी तोंड नेलं.

"ऐका रे मुडद्यांनो. गोष्ट सांगते. वळवळ केलीत तर बंद. आणि हुंकार द्यायचा."

नातू हसला. कितीतरी दिवसांनी. "त्यांच्या वतीने मी देतो. हं."

याच्या आजोबांनी एका शिंकेत आगगाडी मागे ढकलली होती, ती गोष्ट लावली. शिंक यायला हवी तर आधी सर्दी व्हायला हवी, म्हणून सर्दीपासून सुरू केलं.

"हं."

हात मांडीवर पडून राहिले. मी ताणत गेले. डबे मोजले, गार्डाची टोपी उडवली. हुंकार बारीक होत गेला. मान वर केली, तर नातू गाढ झोपलेला. तोंड मिटलेलं, ओठ सुकून एकमेकांना चिकटलेले.

"हं."

मी थांबले. खोलीत आम्ही दोघंच.

झोपेतच त्याचा उजवा हात उठला. बोटं वाकली.

"संपली गोष्ट," मी दात-ओठ खात म्हटलं. "चालते व्हा."

नखं डाव्या मनगटाला टेकली.

"मग..." मी राग गिळला. "मग ती आगगाडी म्हणाली, आजोबा, रुमाल धरा की."

हात खाली आला.

"हं."

मनगटातून आला. एकट्याचा नव्हता. वर्गभर पोरांनी एकदम म्हणावं तसा, बारीक.

मग कातडीखाली जराशी सरकासरकी झाली. मागच्यांना नीट ऐकू येत नसावं.