पंप कुणी बंद केला?

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. पटवून पटवून मी थकले आहे. पण हे माझ्यासोबतच घडलंय. आणि रात्रीबित्री नाही… भर दुपारी.

डोंगरावरच्या तलावावर मी सुरक्षारक्षक आहे. खालच्या शहराला प्यायचं पाणी इथूनच जातं. तलावात एक मनोरा आहे, त्याच्या जाळीतून पंप पाणी खेचतो; जवळ गेलेला माणूसही ओढला जातो. सुट्टीच्या दिवशी लोक बोटीत बसायला येतात, डबे खातात आणि पोहायला नेमके मनोऱ्याकडेच जातात. मी दिवसभर शिट्ट्या मारते. ऐकतंय कोण! पालथ्या घड्यावर पाणी.

समोरच्या काठावर पंपघर. तिथे माझा दीर कामाला आहे. पंपाची घरघर दिवसभर माझ्या कानात असते.

त्या उन्हाळ्यात मनोऱ्याजवळ मला एक हात दिसला.

पिवळी बाही. वर आलेली बोटं…

मी भाऊजींना फोन केला. त्यांनी पंप थांबवला. बोटवाल्याने सगळीकडे शोधलं.

कुणीच नव्हतं.

काही दिवसांनी पुन्हा तेच. पिवळी बाही, पंप बंद, हाती भोपळा. शहरातले नळ कोरडे पडले. लोक बोटीच्या रांगेत उभे राहून मलाच शिव्या घालायला लागले.

साहेब म्हणाले, "बाई, परत असं झालं तर घरी बसा."

म्हणजे कुणी बुडालं तरी दोष माझा, नाही बुडालं तरी माझाच!

पुढच्या रविवारी…

तोच हात.

गेली नोकरी तर गेली. मी फोन लावला.

"वहिनी, पुरे झालं हो! 'लांडगा आला रे आला' किती वेळा ऐकायचं? मी पंप थांबवणार नाही."

फोन बंद.

मी संतापाने रडतच बोटवाल्याला हाका मारत धावले. तो निघाला, तोवर बोटं पाण्याखाली गेली होती.

आणि…

घरघर थांबली.

बोटवाल्याने मनोऱ्याच्या जाळीला चिकटलेला माणूस ओढून काढला. जिवंत. अंगात पिवळा शर्ट. या तलावावर तो पहिल्यांदाच आला होता.

मी भाऊजींना फोन केला. "ऐकलंत बाई एकदाचं! माणूस वाचला."



"वहिनी, मी कुठे काय केलं? तुम्हीच आलात ना आत्ता. नखशिखांत ओल्या. बटण दाबलंत. मी हाक मारली, तर बोलला नाहीत."

"भाऊजी… मी इकडे काठावर आहे."

नंतर पंपघरात जाऊन मी स्वतः पाहिलं. दारापासून बटणापर्यंत ओली पावलं होती. परत जाणारं एकही नव्हतं.

साहेबांनी माझा सत्कार केला. कशाबद्दल, ते मला विचारू नका.

भाऊजी आता आमच्याकडे जेवायला आले की भिंतीला पाठ लावून बसतात. मी वाढायला गेले की आधी माझ्या पायांकडे बघतात. मला इतकी चीड येते! तरी स्वयंपाकघरातून बाहेर पडण्याआधी मी पाय पुसून घेते.

कोरडेच असतात…

आतापर्यंत तरी.