कपाळावरचा हात

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तरी चालेल. खोटी निघाली तर सगळ्यात जास्त सुटल्यासारखं मलाच वाटेल.

बाळ झोपलंय म्हणून लिहितेय. उठलं की थांबेन.

मी भूलतज्ज्ञ आहे. बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परतले, त्याच आठवड्यातला मंगळवार. भर दुपार. ऑपरेशन थिएटरमध्ये लख्ख उजेड.

टेबलावर एक शिक्षक होते. मेंदूतली रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलेली.

श्वासनलिकेत नळी घालताना शरीर भूल दिलेली असतानाही दचकतं. नाडी धावते, रक्तदाब उसळतो. एरवी निभावून जातं. यांचा फुगा फुटला असता.

त्यावर एक वेगळं इंजेक्शन असतं. आधी ते द्यायचं, मुरू द्यायचं, मग नळी.

हे मला मोठ्या मॅडमनी शिकवलं. औषध मुरेपर्यंत त्या पेशंटच्या कपाळावर तळहात ठेवून उभ्या राहायच्या. आम्ही चुळबुळ केली की म्हणायच्या, "गॅसवर दूध ठेवून आलीस का गं?"

मॅडमना जाऊन आता वर्ष होत आलं.

त्या दुपारी माझं अर्धं मन घरी होतं. दुधानं छाती ठणकत होती. बाळ बाटली तोंडात धरत नाही, म्हणून सासूबाईंचा फोन येऊन गेलेला. शिक्षकांना भूल चढली. मी त्यांचं तोंड उघडलं, नळी हातात घेतली...

आणि मनगट जागीच थांबलं.

कुणी धरलं नव्हतं. पण हलेना.

मग कानाशी, अगदी हळू...

"गॅसवर दूध ठेवून आलीस का गं?"

सिस्टर पलीकडे पाठमोरी उभी होती. सर्जन हात धूत होते. माझ्याजवळ कुणीच नव्हतं.

मनगट सुटलं. नळी आत गेली. मी धसकून मॉनिटरकडे पाहिलं.

नाडीचा आवाज... तसाच. संथ. रक्तदाब तसूभरही हलला नव्हता.

"वा!" सर्जन आत येत म्हणाले. "अगदी मोठ्या मॅडमचा हात! रजेत काही विसरली नाहीस हं."

मी हसले.

ऑपरेशन छान झालं. ट्रे आवरताना सिस्टरनं विचारलं, "मॅडम, हे टाकून देऊ?"

तिच्या हातात ते इंजेक्शन होतं.

भरलेलं.

मी ते दिलंच नव्हतं.

"दे इकडे," म्हणाले आणि सिंकमध्ये रिकामं केलं. तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी शिक्षक शुद्धीवर होते. त्यांच्या बायकोनं माझे दोन्ही हात धरले, रडल्या. मी ते हात सोडवून घेतले नाहीत. शिक्षक बसक्या आवाजात म्हणाले, "त्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनाही सांगा हं... कपाळावर हात ठेवून होत्या त्या. फार गार हात होता."

"सांगते," मी म्हणाले.

घरी आले तर सासूबाई दारातच. चेहरा उतरलेला.

"दुपारी काय झालं कोण जाणे गं. मी तुला फोन केला ना, त्यानंतर थोड्या वेळानं. बाळ गाढ झोपेतून दचकलं. रडलं नाही, काही नाही. नुसते डोळे विस्फारलेले. तोंड लालबुंद. आणि छाती... बाई गं, दुपट्यावरून हाताला लागत होती धडधड."

"मग?"

"मग निवलं आपोआप. कपाळ तेवढं गार पडलं होतं. बघ, एवढ्याच जागेवर." त्यांनी आपला तळहात माझ्यापुढे धरला.

बाळाला सगळीकडे दाखवून आणलं. ठणठणीत आहे म्हणतात.

पण शिक्षकांचं ते दचकणं कुठेतरी गेलंच असणार ना?

घरात कुणाला सांगितलेलं नाही. काय सांगू? शाबासकी मी घेऊन आले, आणि इकडे हे इवलंसं...

आता त्याला थोपटते ती छातीवर. कपाळाकडे हात नेत नाही.

एकदा नेला होता, परवा.

माझ्या हाताला तिथे जागा नव्हती.