शेंदूरघाटची ढाल

दसऱ्याच्या सकाळी सात वाजता शेंदूरघाट हायस्कूलचा चपराशी कडूबा हेडमास्तरांच्या खोलीला तोरण बांधायला गेला आणि झेंडूची माळ तिथेच टाकून बाहेर पळत आला. भिंतीवर ढाल नव्हती.

ही ढाल म्हणजे गावाचा जीव. आदल्या साली, म्हणजे १९१८ च्या भाद्रपदात, अमरावतीला वऱ्हाडातल्या शाळांचे हुतूतूचे सामने झाले. घाटाखालच्या मातब्बर शाळांना लोळवून शेंदूरघाटच्या सात पोरांनी ढाल आणली. मलकापूर स्टेशनापासून गावापर्यंत बैलगाड्यांची रांग लागली होती. ढालीला चांदीचा मुलामा, मध्ये गरुड, कडेने लहान लहान बिल्ले. चार बिल्ल्यांवर दुसऱ्या शाळांची नावं, पाचव्यावर आपलं. त्याखाली संघनायकाचं नाव कोरलेलं: रंगनाथ वामन. हेडमास्तर वामनरावांचा एकुलता एक मुलगा.

महिन्याभरात मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. पोरांना अमरावतीला नेणारे ड्रिलमास्तर गेले, सातांतले दोघे गेले, कार्तिकात रंगनाथही गेला. माणसं गेली आणि ढाल राहिली. तेव्हा गावाने उरलासुरला सगळा अभिमान त्या एका ढालीला टांगला म्हणायचा.

शाळा कमिटीचे अध्यक्ष शेषराव पाटील धोतर सावरत आले. चार वाजता ढाल पालखीत घालून शिलंगणाला न्यायची होती. पालखी सजून तयार होती. शेषरावांनी भिंतीकडे पाहिलं आणि चौकशी दोन मिनिटांत संपवली. खोलीच्या चाव्या तीन. एक पाटलांकडे, एक हेडमास्तरांकडे, एक कडूबाकडे. पाटील चोर असत नाही, हेडमास्तरही असत नाही. अशी गणितं आमच्याकडे फार लवकर सुटतात.

चार वाजेपर्यंत ढाल आली नाही तर कडूबाला बुलढाण्याच्या ठाणेदाराच्या हवाली करायचं आणि शाळेमागची त्याची खोली आजच रिकामी करायची, असं शेषरावांनी सांगून टाकलं. कडूबाची त्या शाळेत बावीस वर्षं गेली होती. त्याची बायको सत्यभामाबाई भांडी बांधायला लागली.

वामनराव एवढंच म्हणाले की ठाणेदार येण्याआधी उत्तमराव मास्तरांना एकदा पाहू द्या.

उत्तमराव शास्त्र विषय शिकवत. त्याच कार्तिकात तीन दिवसांच्या अंतराने त्यांची बायको आणि नऊ वर्षांची कोकिळा गेली. तेव्हापासून ते सांगितलेलं सगळं करत. जेवा म्हटलं की जेवत, शिकवा म्हटलं की शिकवत. त्यांना दुःख होतं का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना उत्तर देता आलं नसतं. आत काही हलतच नव्हतं. पाहा म्हटलं, म्हणून ते पाहायला उठले.

भिंतीवर ढालीच्या आकाराचा पांढरा डाग होता आणि भोवती चार स्क्रू. चारही पुन्हा आपापल्या भोकात नीट बसवलेले. त्यांच्या खाचा मात्र नुकत्याच कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. कुलूप धड होतं.

खोलीचं दार हॉलमध्ये उघडे. हॉलमध्ये कालची, नवमीची पूजा तशीच मांडलेली होती. पाटीवर काढलेली सरस्वती, पुस्तकं, शाळेची घंटा, आणि तांबड्या कापडावर तांदळाच्या राशीत कडूबाची हत्यारं: हातोडी, कुदळ, पेचकस. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या दुपारची पूजा होईपर्यंत कुणी उचलत नाही. ढालही त्यानंतरच भिंतीवरून काढायची ठरली होती. काल ही पूजा झाली तेव्हा उत्तमराव वऱ्हांड्यात उभे होते आणि त्यांच्याशेजारी वामनराव. दोघांच्याही घरी अजून वर्ष सरलं नव्हतं, त्यामुळे सण नव्हता.

उत्तमरावांनी वाकून पाहिलं. पेचकसावरचं हळदकुंकू वाळून खडखडीत झालं होतं, वरचं फूल जागेवर होतं, भोवतीचा तांदूळ हललेला नव्हता. मग त्यांनी कडूबाला समोर बसवलं.

"काल सकाळी ढाल होती?"

"व्हती ना. पोरं पाया पडली तिच्या."

"रात्री तू कुठे होतास?"

"अठंच, हॉलमंदी. देवापाशचा दिवा इझू द्याचा नसते. खोलीच्या दाराले पाठ लावून बसलो व्हतो."

"आणि दुपारी?"

"देवीच्या होमाले गेल्तो. सारं गाव तठंच व्हतं, बारापासून तीनपर्यंत. कुलूप लावून गेलो, आलो त कुलूप तसंच. तवापासून अठंच हावो."

"स्क्रू तू काढलेस?"

कडूबाने त्यांच्याकडे असं पाहिलं की उत्तमरावांना प्रश्नाची लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं.

"नवमीले हत्यार कोन उचलते, मास्तर? बावीस वर्सांत नाई उचललं."

कडूबा खोटं बोलत नव्हता. पेचकसाभोवतीचा तांदूळच त्याचा साक्षीदार होता. पण शेषरावांना तांदळाची साक्ष चालेना. चोराले कायची आली नवमी, असं ते म्हणाले. ते हेडमास्तरांच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, समोर वामनराव. उत्तमरावांनी पाटलांनाही विचारलं की होमाच्या वेळी आपण कुठे होता. पाटील होमाचे यजमान. बारा ते तीन पाटावरून उठायची सोय नव्हती, त्यांची चावी करगोट्याला होती आणि करगोटा कमरेला.

"ढालीचं पुढे काय करायचं ठरवलं होतं तुम्ही?"

"मलकापूरच्या सुताराले शिसवी कपाट सांगतलं म्या, काचेचं," शेषराव म्हणाले. "माह्या नातवाच्या नातवानं पाह्यली पाह्यजे ढाल. तुमी हे काय इचारून राह्यले, मास्तर? चोर धरा."

उत्तमराव लिहून घेत होते. पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी चाकू आहे का विचारलं. पाटलांच्या घरचे चाकू, सुऱ्या, अडकित्तासुद्धा देवापाशी होता. सकाळपासून पान खायला मिळालं नाही, हेही त्यांनी ऐकवलं. वामनरावांनी कोटाच्या खिशातून लहान चाकू काढून पुढे केला. उत्तमरावांनी पेन्सिल केली. चाकूचं टोक ताजं तुटलेलं होतं. त्यांनी तो मिटून परत दिला.

तिथून ते कारकुनाकडे गेले. शालिग्राम कारकून खाली बसून आपट्याच्या पानांच्या जुड्या बांधत होता. अलीकडे अमरावतीहून काही पत्र आलं होतं का, एवढंच उत्तमरावांनी विचारलं.

आलं होतं. आठ दिवसांपूर्वी, मोठा लिफाफा. हेडमास्तर साहेबांनी स्वतः फोडलं, उभ्या उभ्या वाचलं आणि खिशात घातलं. शालिग्रामने नोंदीसाठी मागितलं तर राहू द्या म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मॅट्रिकचा तासही घेतला नव्हता.

उत्तमराव बराच वेळ शाळेच्या पायऱ्यांवर बसून राहिले. कोडं सुटलं होतं, पण त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. मागच्या खोलीतून भांड्यांचा आवाज येत होता. तो आवाज थांबला तेव्हा ते उठले.

दुपारी एक वाजता त्यांनी हेडमास्तरांच्या खोलीत शेषरावांना आणि कडूबाला बोलावून घेतलं. दार लावलं. वामनराव आपल्या खुर्चीत होते.

"ढाल काल दुपारी बारा ते तीनमध्ये गेली," उत्तमरावांनी सुरुवात केली. वर्गात प्रयोग सांगावा तसा त्यांचा सूर होता. "तीननंतर रात्रभर कडूबा दाराशी होता. कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे चावीवाल्याचं काम. स्क्रू पुन्हा बसवले, म्हणजे खोलीबद्दल माया असलेल्याचं. बाहेरचा चोर पळतो, स्क्रू बसवत बसत नाही."

"मंग कडूबाच की," शेषराव म्हणाले.

"कडूबाचा पेचकस पूजेत आहे, हललेला नाही. आणि काल बारा ते तीन कडूबा होमात होता, तुम्हीही होता. सगळं गाव होतं. नव्हते ते ज्यांच्या घरी सण नाही ते. या शाळेत तसे दोनच. मी आणि हेडमास्तर."

शेषरावांची मान वामनरावांकडे वळली.

"आज गावात कुणाच्या खिशात पातं नाही. सगळी देवापाशी आहेत. माझ्या घरी पूजा नाही, माझा चाकू फडताळात आहे. तुमच्याही घरी नाही, वामनराव. तुमचा खिशात आहे आणि त्याचं टोक तुटलंय. ते टोक कुठे तुटलं, ते या स्क्रूंच्या खाचा सांगतात. चावी माझ्याकडे नव्हती. तुमच्याकडे होती."

"अरे पन काऊन?" शेषराव उठून उभे राहिले. "शाळेची ढाल हेडमास्तर काऊन चोरंल? रोज त्याच्याच डोक्यावर व्हती ते."

"कारण ती शाळेची नव्हती. पाटील, ढालीवर चार शाळांची नावं आपल्या आधीची होती. ती ढाल आपल्याकडे कशी आली? त्यांच्याकडून आली. फिरती ढाल आहे, वर्षाने परत द्यायची. ही अट ड्रिलमास्तरांना ठाऊक होती, ते गेले. आपण गावात जिंकली म्हणजे आपली झाली असं धरून बसलो. तुम्ही कपाट सांगितलंत, म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आठ दिवसांपूर्वी अमरावतीहून पत्र आलं. दसरा झाला की यंदाच्या सामन्यांसाठी मलकापूरहून रेल्वेने ढाल पाठवा, असंच काहीतरी त्यात असणार. पत्र अजून कोटाच्या खिशात असेल."

वामनरावांनी पत्र काढून टेबलावर ठेवलं. नाही म्हणून पाहिलं नाही, हे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

"रंगनाथच्या पेटीत आहे," ते म्हणाले. "त्याच्या कपड्यांखाली. शालीखालून नेली. आता ती दुसऱ्या कुठल्या भिंतीवर गेली असती. तिथे त्याचं नाव कुणी वाचलं असतं? आमच्या घरात आता तो कुठेच नाही, उत्तमराव. त्या बिल्ल्यावर तेवढा आहे."

"माझ्या कोकिळेचं नाव कुठेच कोरलेलं नाही," उत्तमराव म्हणाले. "मुलींना ढाली मिळत नाहीत. म्हणून मी काय उचलून नेऊ?"

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. वामनरावांनी मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

शेषराव अजून पहिल्याच गोष्टीपाशी अडकले होते. म्हंजे ढाल आपली नाई, असं त्यांनी दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग त्यांना एकदम हुरूप आला. आजचा दिवस तर आपली आहे ना? पेटीतून काढा, पालखीत घाला, लोकांना काही सांगायचं कारण नाही. हेडमास्तरांची अब्रू ती गावाची अब्रू. कडूबालेही काई म्हननं नाई आता, त्यानं तोरण बांधावं.

कडूबा दाराशी उभा होता. तो पाटलांकडे न पाहता वामनरावांच्या टेबलापर्यंत आला.

"साहेब, रंगनाथले म्या खांद्यावर घेऊन शाळेत आनलं व्हतं, पैल्या दिवशी. मले सांगतलं असतं त म्याच लपवली असती ढाल, कोनाले सांगतलं नसतं." तो थांबला. "पन सकाळी मले चोर म्हनलं साऱ्यायनं. तुमी आयकून राह्यले व्हते. काऊन बोलले नाई?"

वामनरावांनी तोंडावरचे हात काढले. त्या दिवशीचं सगळ्यात खरं उत्तर त्यांनी तेव्हा दिलं.

"कारण तुझं नाव घेतल्याबरोबर सगळ्यांना पटलं, कडूबा. मला काहीच करावं लागलं नाही."

कडूबाने मान हलवली. आपल्याला हे आधीच ठाऊक होतं, अशी. त्याने कमरेची चावी सोडून पत्रावर ठेवली आणि देऊळघाटला भावाकडे जातो म्हणून सांगितलं. शेषराव मागून हाका मारत राहिले. सणाच्या दिवशी असं घर सोडून कुणी जातं का, पगार वाढवतो, असं बरंच काही. सत्यभामाबाईने गाठोडी सोडायला साफ नकार दिला.

चार वाजता मिरवणूक निघाली. ढाल पालखीत होती, ताशे वाजत होते, आणि हेडमास्तर आजारी आहेत असं सांगण्यात आलं. मिरवणूक वेशीकडे वळली तिथे लोकांनी पाहिलं की देऊळघाटच्या रस्त्याने कडूबा आणि त्याची बायको चालली आहेत, आणि त्यांच्यामागे उत्तमराव मास्तर डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन निघाले आहेत. हायस्कुलाच्या मास्तराने डोक्यावर ओझं घ्यावं, हे गावाने कधी पाहिलं नव्हतं. काही जण हसले.

नाल्यापलीकडे कडूबाने मागे वळून, द्या आता मास्तर, म्हणून हात पुढे केले. उत्तमरावांनी गाठोडं दिलं नाही. ते रस्त्यातच खाली बसले आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडले. सत्यभामाबाई त्यांच्याजवळ बसली. कडूबा गाडीरस्त्याच्या कडेला उभा राहून त्यांचं होईपर्यंत थांबला.